बाकाच्या डाव्या बाजूला

१

दिनानाथ बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होता. आलेल्या कागदावर तारीख, वेळ आणि क्रमांक घालायचा; गेलेल्या कागदावरही तेच. एकोणतीस वर्षं हे केल्यावर हात आपोआप चालतो. घरीही त्याची एक वही होती. दूध किती वाजता आलं, पाणी कधी गेलं, मीनाची गोळी कधी दिली, सगळं त्या वहीत. मीना, त्याची बायको, त्या वहीला चित्रगुप्त म्हणायची.

मीनाला पन्नाशीच्या आत डोळ्यांचं दुखणं लागलं. आधी तिन्हीसांजेनंतरचं दिसेनासं झालं, मग कडेचं. आता नळीतून पाहावं तसं समोरचं एवढंसं वर्तुळ उरलं होतं.

"तुमचा चेहरा मला हप्त्याहप्त्यानं दिसतो," ती म्हणायची. "आज नाक, उद्या कान."

ती हसायची म्हणून तोही हसायचा. दर तपासणीला ते वर्तुळ थोडं आक्रसायचं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. काय बघायचंय ते दोन-तीन वर्षांत बघून घ्या, म्हणाले होते.

त्यांची मुलगी जाई चार वर्षांपासून ओसाकात नोकरीला होती. तिनं फोनवर सांगितलं, "आई, इथं एक छोटंसं बेट आहे. अख्ख्या बेटावर आजकालच्या कलाकारांनी काय काय करून ठेवलंय. आणि सगळं मोठ्ठं आहे. तुला दिसेल."

"कितीचं मोठ्ठं?"

"आपल्या सोसायटीच्या टाकीएवढं."

"मग येते," मीना म्हणाली.

२

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते बेटावर उतरले. दिनानाथनं बोटीची वेळ लिहून ठेवली, नऊ चाळीस. धक्क्यावर जाळी वाळत घातली होती आणि मासळीचा मंद वास होता.

"एवढा विमानाचा प्रवास करून वास मोऱ्याचाच," मीना म्हणाली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते उरणला राहिले होते, तेव्हा मोऱ्याचा धक्का रोजच्या वाटेवरचा.

बेट लहान होतं. घरं बुटकी, काळ्या लाकडाची, गल्ल्या झाडून लख्ख. बरीच घरं रिकामी पडली होती, माणसं शहरात गेलेली. त्यातली काही कलाकारांना दिली होती. एका घरात जमिनीऐवजी पाणी होतं आणि पाण्याखाली आकडे लुकलुकत होते. किनाऱ्यावर पोलादाची एक प्रचंड परात होती आणि तिच्यात आभाळ उतरलं होतं. मीना तिच्याभोवती दोनदा फिरली. मान हळूहळू वळवून तिनं ते आभाळ तुकड्यातुकड्यानं गोळा केलं.

"घासायला किती माणसं लागत असतील हो?" तिनं विचारलं. पण ती परातीपासून हलत नव्हती, आणि दिनानाथनं जाईकडे बघून मान हलवली. आलो ते बरं झालं, असा त्याचा अर्थ होता.

शेवटी जाई त्यांना गावाच्या मागच्या गल्लीतल्या एका घराकडे घेऊन गेली.

३

त्या घराला खिडकी नव्हती. दाराशी एप्रन घातलेली एक म्हातारी बाई बसली होती. एका वेळी सहाच माणसं सोडत. बाईनं नियम सांगितले, जाईनं मराठीत आणले. चपला इथं काढायच्या. उजवा हात भिंतीला लावून चालायचं. बाकावर बसायचं, बोलायचं नाही. दहा-बारा मिनिटांत डोळे सरावले की समोर काय आहे ते आपसूक दिसेल.

"मला नका नेऊ," मीना म्हणाली. "काळोखात मी म्हणजे पोतं."

"अगं, आत सगळेच आंधळे असतात. तुझी तर प्रॅक्टिस झालेली."

"मेली कार्टी," मीना म्हणाली आणि चपला काढल्या.

बाईनं वाकून सगळ्यांचे जोडे फिरवले, टोकं बाहेर करून ओळीत लावले. त्यांच्याबरोबर एक वयस्क जपानी जोडपं होतं आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ. एकूण सहा.

आतला काळोख असा होता की डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय. जाईनं दिनानाथला दंडाला धरून बाकाच्या टोकाला बसवलं. त्याच्या उजवीकडे मीना, मग जाई, पलीकडे बाकीचे. लाकूड गार होतं. कोणी तरी घसा खाकरला आणि मग काहीच नाही.

थोड्या वेळानं डावीकडे कापड सळसळलं. कोणी तरी त्याच्याकडे जरासं सरकलं. श्वास घेताना त्या माणसाच्या नाकात बारीक शीळ वाजत होती, म्हाताऱ्या माणसांची वाजते तशी. दिनानाथनं अंग चोरून जागा दिली.

एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला गाव न विचारता उतरणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. इथं तर बोलायची बंदी, आणि भाषाही वेगळी. पण मांडीला मांडी लावून बसायचं आणि शब्दही बोलायचा नाही, हे त्याला अपमान केल्यासारखं वाटायला लागलं. तो अगदी हळू, मराठीतच म्हणाला, "आम्ही नवी मुंबईचे. बेलापूर. या कधी आमच्याकडे."

असं आपण किती जणांना म्हणतो. म्हणणारा विसरतो आणि ऐकणाराही ते धरून बसत नाही.

एका हातानं त्याच्या हातावर दोनदा थोपटलं. हात कागदासारखा हलका आणि कोरडा होता.

तेवढ्यात मीना म्हणाली, "दिसलं."

"शू! आई," जाई कुजबुजली.

"अगं पण दिसलं मला."

बसून दोन मिनिटंही झाली नसतील. बाकीच्यांना आणखी दहा लागली. मग दिनानाथलाही समोरच्या भिंतीवर राखेच्या रंगाचा एक चौकोन दिसू लागला. आपण आल्यापासून तो तिथंच असणार. जाई दिसली, मीनाचा खांदा दिसला. त्यानं डावीकडे पाहिलं. तिकडच्या काळोखाला डोळे अजून सरावले नव्हते.

बाहेर आल्यावर त्यानं वहीत लिहिलं: आत ११.१०, बाहेर ११.३२. मग बाकावरची माणसं ओळीनं लिहिली. ती सात झाली. घरातलाच कोणी राखणदार बसला असेल, त्यानं ठरवलं. त्याच्या वहीत खाडाखोड नसे. सात तसेच राहिले.

४

बेलापूरला परतल्यावर आठ-दहा दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की बाहेरच्या चपलांची टोकं जिन्याकडे असतात. आपल्याकडे माणूस चपला काढतो तशा पडतात, टोकं घराकडे. या मात्र वाकून लावल्यासारख्या होत्या.

"जपानचं वारं लागलं वाटतं," तो मीनाला म्हणाला.

"मला? मला माझे पाय दिसत नाहीत धड, चपला कसल्या लावतेय."

गोजरा त्यांच्याकडे धुणंभांड्याला यायची, खाडीकडच्या गावातून. तिनं चौथ्या दिवशी विषय काढला.

"ताई, चपला कोन लावतंय तुमच्या? माजी पोरं घरात एक चप्पल सरल ठेवत नाय, नि तुमच्याकरं फौज उभी रायल्यासारखी."

"दादा लावत असतील तुझे."

"आनि मधी जागा कोनाला ठेवलीय? दादाच्या नि तुमच्या मधी एक जोड मावंल इतकी. मी काल माजी ठेवली तिथं. झारू मारून येते तं बाजूला सारलेली हाय."

मीना हसली. दिनानाथनं दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. जागा होती. त्यानं पट्टीनं मोजली, वीस सेंटीमीटर. मग स्वतःचीच लाज वाटून पट्टी कपाटात ठेवली. समोरच्या घरातली पोरं असतील, त्यानं लिहिलं. समोरच्या घरात पोरं नव्हती. तो ब्लॉक दिवाळीपासून बंद होता.

५

स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये सामानाची एक खोली होती. पाच बाय नऊ, खिडकी नाही. आत एक लांब पत्र्याची ट्रंक, तिच्यावर जुनी गादी. डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी अडीचला दिनानाथला मीना घरात कुठे दिसेना. चपला बाहेर होत्या. त्यानं सामानाच्या खोलीचं दार ओढलं. आतून एक जाड चादर पडद्यासारखी टांगलेली होती.

"दार लावा ना, उजेड येतोय," आतून मीना म्हणाली.

"काय करतेस इथं?"

"बटण लावतेय. झालंच."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्याचा निळा शर्ट होता. मीनानं सुईत दोरा ओवून चार वर्षं झाली होती. दिनानाथ खिडकीशी गेला आणि बटण उलटून पाहिलं. टाके बारीक आणि सारखे होते. उलट्या बाजूला गाठसुद्धा दिसत नव्हती.

"इथं मला दिसतं हो," ती म्हणाली. "सगळं. अख्खं. दहा मिनिटं बसावं लागतं फक्त."

"काळोखात?"

"मला ठाऊक आहे ते वेड्यासारखं वाटतं. पण बटण बघा की."

त्यानं बटण पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"भीती नाही वाटत एकटीला?"

"ते असतात ना. डाव्या बाजूला. मुकाट्यानं बसतात, काही त्रास नाही त्यांचा."

"ते कोण?"

"मला काय विचारता? तुम्हीच तर बोलावलंत. मी ऐकलं होतं बाकावर."

६

त्यानं वहीत दोन रकाने पाडले. एकात मीना आत बसली ती मिनिटं, दुसऱ्यात बाहेर काय झालं ते. दहा मिनिटं: काही नाही. पंचवीस मिनिटं: चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला. पन्नास मिनिटं: दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं. जानेवारीत ती दिवसातून दोन-दोन तास बसू लागली आणि बाहेर असताना डोळे मिटूनच वावरू लागली. पोळ्या करताना तिची तीन बोटं भाजली.

तपासणीत वर्तुळ निम्म्यावर आलं होतं. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. या दुखण्यात इतक्या झपाट्यानं असं होत नाही, म्हणाले, डोळ्यांवर कसला ताण पडतोय का? दिनानाथ नाही म्हणाला.

त्या रविवारी जाईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "त्या काळोख्या घरात माझ्या डाव्या हाताला कोण बसलं होतं गं?"

"डाव्या हाताला? बाबा, तुमच्या डाव्या हाताला भिंत होती. तुम्ही धडपडू नये म्हणून मीच तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं."

"असं का."

"का? काय झालं?"

"काही नाही. वहीत लिहायचं राहिलं होतं."

त्या संध्याकाळी तो मीनाला म्हणाला, "आता बंद कर ते. आतलं मिळतंय ते बाहेरचं विकून मिळतंय. माझ्याकडे लिहिलेलं आहे सगळं."

"बाहेरचं असंही जाणारच आहे," मीना म्हणाली. ती भांडत नव्हती. "एकदा आत या. मला तुमचा चेहरा बघायचाय. हप्त्यांनी नाही, सगळा एकदम. मग म्हणाल ते करीन."

दिनानाथ हो म्हणाला. तिला न सांगता त्यानं आणखी एक ठरवलं होतं. ज्यानं बोलावलं त्यानंच निरोप द्यायला हवा. पण आलेल्याला जा म्हणणं त्याच्या घरात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. कचेरीत तो चार दिवस मनाशी मसुदे करत राहिला. 'आपल्या आगमनास अनुसरून' असा एक सुरू झाला, तेव्हा त्याला स्वतःचंच हसू आलं.

७

शनिवारी दुपारी तीनला ते आत गेले. मीनानं चादर नीट ओढली. ट्रंकेवर ती उजवीकडे बसली, तो डावीकडे. त्याच्या डावीकडे वीतभर गादी आणि मग भिंत, हे त्यानं बसण्याआधी हातानं चाचपून घेतलं. खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. शेजारच्या इमारतीत कोणी तरी मिक्सर लावला होता. दोन्ही आवाज हळूहळू बंद झाले.

मीनानं त्याचा हात हातात घेतला.

पाचेक मिनिटं गेली असतील. डावीकडे कापड सळसळलं. गादी दबली, तिचा कल त्याला मांडीखाली जाणवला. मग ती बारीक शीळ. दिनानाथ ऐकत राहिला. आपल्याच नाकात वाजत असेल म्हणून त्यानं श्वास रोखून धरला. शीळ चालूच राहिली.

"दिसताय," मीना म्हणाली. "अगं बाई. केस किती गेले हो तुमचे. आणि हनुवटीवरचा हा डाग कधीचा?"

"दाढी करताना कापलं होतं."

"सांगितलं नाहीत."

"तेवढ्याचं काय सांगायचं."

त्याला काहीच दिसत नव्हतं. पण कोणी तरी आपल्याकडे बघतंय हे काळोखातही कळतं. तीन वर्षांत कोणी त्याच्याकडे इतक्या सावकाश बघितलं नव्हतं. हे असंच थोडा वेळ चालू द्यावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. म्हणूनच त्यानं घाई केली. तो डावीकडे वळला.

"तुम्ही आलात, बरं वाटलं," तो म्हणाला. "पण आता तुम्ही निघालात तर बरं. हिच्या डोळ्यांना सोसत नाही."

शीळ थांबली.

हातावर कोणी थोपटेल अशी तो वाट पाहत होता. कोणी थोपटलं नाही. गादी हळूच वर आली, सायीसारखी.

"असं बसल्या जागेवरून घालवतात का कोणाला?" मीना उठत म्हणाली. "काय ही रीत तुमची. मी खालपर्यंत पोचवून येते."

"मीना, बस तू."

"आलेच."

तिचा हात सुटला. पावलं दाराकडे गेली. उजेड आला नाही. चादरीमुळे असेल, त्यानं विचार केला, आणि पॅसेजमधला दिवाही बंद आहे. त्यानं आकडे मोजायला सुरुवात केली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. चौथा मजला, खाली जायला दोन मिनिटं, वर यायला तीन. तीनशेला तो थांबला.

गादी उजवीकडे दबली. त्याचा हात पुन्हा हातात घेतला गेला.

"गेले?" त्यानं विचारलं.

"गेले."

"काही म्हणाले?"

"काही नाही."

दिनानाथनं मोठा श्वास सोडला. "चल, चहा टाकू," तो म्हणाला.

"बसा हो जरा. दिसताय अजून. मान थोडी इकडे करा." त्यानं मान वळवली. "हां. आता बरोबर. सगळा चेहरा आला."

८

दारावर बाहेरून टकटक झाली.

"अहो," मीना म्हणाली. दाराबाहेर. तिला धाप लागली होती. "आत आहात ना? मला हँडल सापडत नाहीये."

दिनानाथ हलला नाही.

"गेटपर्यंत पोचवलं. वर येताना सगळं गेलं हो. तेवढं वर्तुळ होतं, तेही. कठड्याला धरत धरत आले. गोजरा जिन्यात भेटली म्हणून, नाहीतर..." तिचा हात दारावरून फिरत असल्याचा आवाज येत होता, वर, खाली, पुन्हा वर. "अहो?"

त्याच्या हातातला हात तसाच होता. ऊबदार होता. तो ओढत नव्हता आणि सोडतही नव्हता.

"ऐकता ना?" बाहेरून मीना म्हणाली. आता तिच्या आवाजात रडू होतं, जे तिनं इतक्या वर्षांत एकदाही बाहेर येऊ दिलं नव्हतं. "मला काहीच दिसत नाहीये."

तो उठला. हात सुटला, अगदी सहज. त्यानं चादर सारली आणि दार ढकललं. दुपारचा उजेड डोळ्यांत घुसला. दारात मीना उभी होती. दोन्ही हात पुढे, हिरवा पदर खांद्यावरून घसरलेला, नजर त्याच्या कानाच्या मागे कुठे तरी. त्यानं तिचे हात धरले. बोटांवर भाजल्याचे डाग होते. हीच मीना, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

त्यानं मागे वळून पाहिलं ते जेमतेम क्षणभर. चादर अजून हलत होती. तिच्या कडेनं ट्रंकेवर तिरपा पट्टा पडला होता, त्यात मांडीवर जुळवून ठेवलेले दोन हात, हिरव्या लुगड्याचा काठ, आणि वर, जिथं उजेड पोचत नव्हता तिथं, त्याच्याकडे वळलेला एक चेहरा. तो त्याच्याकडे बघत होता. सरळ, आणि सगळा एकदम.

"आत कोणी आहे?" मीनानं विचारलं.

"नाही," दिनानाथ म्हणाला.

बत्तीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता. त्यानं तिला खुर्चीपर्यंत नेलं, बसवलं, पाणी दिलं, डॉक्टरांना फोन लावला. मग परत येऊन सामानाच्या खोलीचं दार बाहेरून लोटलं. कडीवर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला.

खुर्चीवरून मीना म्हणाली, "लावलंत का दार?"

"लावलं," तो म्हणाला.

कडी त्यानं लावली नाही.